नाव जुळत नाही म्हणजे काय?

दोन नावे सारखी आहेत का, हे कॉम्प्युटरला विचारताना प्रोग्रामर बहुतेक वेळा बरोबरीची दोन चिन्हे लिहून मोकळा होतो. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की उत्तर 'नाही'. कोडच्या या एका ओळीने येडशीतल्या एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती अडू शकते, म्हणून तिच्याबद्दल बोलायला हवे.

'शेख' हेच घ्या. इंग्रजीत कुणी मधे 'एआय' लिहितो, कुणी 'ईआय', कुणी नुसता 'ई'. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासबुकावर तिसरे. त्यात आपल्या मराठवाड्यात 'शेख' नावाआधी येते आणि वडिलांच्या नावाआधी पुन्हा येते: शेख अमुक शेख तमुक. नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा तीन चौकटींत ते बसवताना प्रत्येक ऑपरेटर आपापल्या समजुतीने तोडतो.

यावर साधने आहेत, आणि ती जुनी आहेत. उच्चारावरून शब्दाचा कोड काढणारी साउंडेक्स पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली. तिच्यात शेखच्या या तिन्ही स्पेलिंगांचा कोड एकच येतो, 'एस२००'. मायएसक्यूएलमध्ये ती तयार मिळते. देवनागरीतली अडचण वेगळी आहे. नुक्त्याचा 'ज़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो: एका संकेताने, किंवा 'ज' आणि नुक्ता वेगळे ठेवून. डोळ्याला फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसतो. तुलनेआधी मजकूर नॉर्मलाइझ केला की हा घोळ मिटतो. पायथनमध्ये ते एका ओळीचे काम आहे.

पण साउंडेक्सच्या भरवशावरही राहू नका. 'ससे' या आडनावाचा कोडही एस२०० येतो. उलट 'कुरेशी' कुणी 'क्यू'ने लिहितो, कुणी 'के'ने. पहिले अक्षर कोडमध्ये तसेच राहत असल्याने दोघांचे कोड वेगळे. शिवाय एकाच मोहल्ल्यात एकाच नावाचे दोघे असतात. मशीनने त्यांना एक ठरवले, तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातील.

म्हणून माझे मत असे: नुसत्या नावावरून कुठल्याही कोडने 'नामंजूर' म्हणू नये. 'तपासा' म्हणावे, फरक कोणत्या अक्षरात आहे ते दाखवावे, जन्मतारीख शेजारी ठेवावी आणि निर्णय माणसावर सोडावा. आज उलटे चालते. फरक मशीन काढते, आणि रोजगार बुडवून प्रतिज्ञापत्र करायला अर्जदार धावतो.

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव झाले. पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला आणि गावाला कोड क्रमांक असतो, त्यामुळे ओळख फक्त नावावर अवलंबून राहत नाही. नाव बदलले म्हणून जिल्ह्याकडे कुणी प्रतिज्ञापत्र मागितले नाही. ही सवलत माणसालाही मिळायला हवी.

आपली जी मुले-मुली पुण्यात, हैदराबादेत कोड लिहितात, त्यांना एवढेच सांगणे: टेस्ट डेटामध्ये एक 'शेख अमुक शेख तमुक' जरूर टाका. तुमचा फॉर्म तिथे अडला, तर तो लोकांसमोर जाण्याआधी अडलेला बरा.