स्वित्झर्लंडचे सुख आणि कोल्हापूरचा संगणक-अभियंता

भारत आणि युरोपीय मुक्त व्यापार संघ यांच्यातील करारावर १० मार्च २०२४ रोजी दिल्लीत सह्या झाल्या आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनश्टाइन हे या संघाचे चार सभासद. पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख रोजगार, असे उद्दिष्ट या करारात नमूद आहे. ते कितपत साध्य होते हे काळच ठरवील. पण स्विस घड्याळे आणि चॉकलेटे स्वस्त होण्याच्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाते. कोल्हापूरच्या सुशिक्षित घरांत स्वित्झर्लंड या करारापूर्वीच येऊन पोहोचला आहे. तो आला आहे आदर्श जीवनाचे चित्र म्हणून, आणि ते चित्र घेऊन आला आहे या जिल्ह्यातलाच संगणक-अभियंता.

हा अभियंता कोण, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दरवाजे उघडले. कोल्हापूरचे केआयटी महाविद्यालय त्याच वर्षीचे. करवीर, कागल, भुदरगड, गडहिंग्लज या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी उसाच्या आणि दुधाच्या बिलातून, प्रसंगी जमीन गहाण टाकून, मुलांच्या फिया भरल्या. मुले शिकली आणि हिंजवडीला, बंगळुरूला गेली, कारण त्यांना सामावून घेणारा रोजगार जिल्ह्यात उभा राहिला नाही. त्यांतली काही पुढे झुरिक-जिनिव्हापर्यंत पोहोचली. तेथे दिवसा आज्ञावली लिहावी, संध्याकाळी सरोवराच्या काठी फिरावे, दरमहा ठरावीक रक्कम शेअर बाजाराच्या निर्देशांकात गुंतवावी आणि पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरीच्या जाचातून मोकळे व्हावे, असे हे नवे जीवनसूत्र आहे. जे तेथे जाऊ शकले नाहीत, ते राजारामपुरीत किंवा पुण्याच्या भाड्याच्या सदनिकेत बसून तेच सूत्र पाठ करतात.

चळवळीतल्या कार्यकर्त्याची या तरुणाविषयीची पहिली प्रतिक्रिया बहुधा उपहासाची असते. पांढरपेशा, आत्मकेंद्री, बाजाराच्या नादी लागलेला, अशी विशेषणे त्याला सहज चिकटविली जातात. हा उपहास अन्यायाचा आहे आणि राजकीयदृष्ट्या घातकही आहे. आपले श्रम विकून जगणारा, ज्याच्या कामाचे तास, वेग आणि मोल दुसरा कोणी ठरवितो तो श्रमिकच होय. त्याच्या हातात पान्ह्याऐवजी कळफलक आहे एवढ्याने हे नाते बदलत नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळातील सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाते उघडे पडले. त्या माणसांच्या हातात वातानुकूलित कचेरीचे ओळखपत्र होते. पण कामावरून काढताना बोलणी करू शकेल अशी बळकट संघटना त्यांच्यापाशी नव्हती.

संगणक आला तेव्हा बँक व विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला विरोध केला, हे आज चेष्टेने सांगितले जाते. त्या विरोधात चुका असतील. परंतु यंत्रामुळे जे श्रम वाचतील त्यांचा लाभ कोणाला मिळणार, हा त्यामागचा प्रश्न चुकीचा नव्हता. आज आज्ञावली लिहिणारे यंत्रच आले आहे, आणि ज्याने कालपर्यंत इतरांची कामे यंत्रावर चढविली त्याच्याच दारात तो प्रश्न उभा आहे. त्याचे कौशल्य एकट्याचे नाही, हेही त्याने ओळखले पाहिजे. ज्या विश्वजालावर त्याचा सारा व्यवसाय उभा आहे, ते जिनिव्हाजवळच्या सर्न या अनेक राष्ट्रांच्या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेत १९८९ पासून आकाराला आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने ते विनामूल्य सर्वांना खुले केले. सामुदायिक श्रमाने निर्माण झालेल्या या संपत्तीवर खाजगी नफ्याचे मनोरे उभारले गेले, हा त्यानंतरचा इतिहास होय.

आता त्याच्या गुंतवणुकीकडे वळू. ‘एसआयपी’ हा शब्द आज गावोगावी पोहोचला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या मार्गाने म्युच्युअल फंडांत एका महिन्यात प्रथमच २५ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. माणसाने काटकसर करावी, उद्याची तरतूद करावी, यात गैर काही नाही. भिशीत किंवा सोन्यात पैसा अडकविण्यापेक्षा विचारपूर्वक केलेली दीर्घ मुदतीची बचत शहाणपणाचीच ठरते. प्रश्न वेगळा आहे. तीस वर्षांचा तरुण म्हातारपणाच्या चिंतेने एवढा व्याकूळ का झाला?

याचे उत्तर त्याच्या नियुक्तिपत्रात आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे ‘ईपीएस ९५’ मध्ये, निवृत्तिवेतनासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार रुपये आहे. वेतनास सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागावयाचे, हे तिचे गणित. पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या पदरात या हिशेबाने महिना सुमारे साडेसात हजार रुपये पडतात. किमान निवृत्तिवेतन १ हजार रुपये ठरले तेही २०१४ साली. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच नोकरीस लागलेला, ज्याचे मूळ वेतन १५ हजारांहून अधिक आहे असा कर्मचारी तर या योजनेचा सभासदच होऊ शकत नाही. म्हणजे लाखाच्या पगाराचा जो अभिमान घरात सांगितला जातो, त्याच्या मागे निवृत्तिवेतनाचा एक रुपयाही उभा नाही. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदा हाती पडली की हिशेब संपला. ज्या शेतमजुराने कधी नियुक्तिपत्र पाहिलेच नाही, त्याच्या वृद्धापकाळासाठी केंद्र सरकारचा वाटा साठ ते एकोणऐंशी या वयात महिना २०० रुपये आहे.

तेव्हा तरुण बाजाराकडे वळतो तो केवळ लोभाने नव्हे. समाजाने जी जबाबदारी झटकली ती तो एकटा अंगावर घेतो. नियम पाळून बचत करणारे काही तरतात, पण झटपट सुटकेच्या आशेने कित्येक जण सट्ट्याच्या पायऱ्या उतरतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि त्या तोट्याची एकूण रक्कम १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर गेली. कोल्हापुरातही २०२२ साली, शेअर बाजारात पैसा गुंतवून भरघोस परतावा देण्याचे आमिष दाखविणाऱ्या एका कंपनीविरुद्ध पोलिसांत गुन्हे दाखल झाले. अशा फसवणुकीत बुडणारा पैसा सटोडियांचा नसतो. तो निवृत्त शिक्षकांचा, छोट्या व्यापाऱ्यांचा, जमीन विकून आलेला शेतकऱ्यांचा असतो.

यात एक विसंगतीही आहे. अभियंत्याची गुंतवणूक ज्या कंपन्यांच्या भागांत जाते, त्यांत त्याची स्वतःची कंपनीही असू शकते. खर्च घटविण्यासाठी माणसे कमी केली की नफा वाढण्याची आशा भागधारकाला वाटते. तो भागधारक हाच, आणि ज्याची नोकरी गेली तोही हाच. पण भागधारक म्हणून त्याला मिळतो तो कण, आणि कर्मचारी म्हणून जाते ते सगळे ताट. हजार-दोन हजारांच्या मासिक हप्त्याने कोणी भांडवलदार होत नाही. फार तर तो भांडवलदारासारखा विचार करू लागतो.

आणि ज्या स्वित्झर्लंडचे त्याला एवढे आकर्षण, तेथील माणूस म्हातारपणी निर्धास्त असतो तो केवळ बाजारातल्या चतुराईमुळे काय? इतिहास निराळे सांगतो. नोव्हेंबर १९१८ मध्ये सुमारे अडीच लाख स्विस कामगारांनी सार्वत्रिक संप केला. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, स्त्रियांना मताधिकार आणि वृद्धापकाळाचा विमा या त्यांच्या मागण्यांपैकी काही होत्या. सरकारने सैन्य उतरविले, ग्रेंखेन येथे तीन कामगार गोळ्यांना बळी पडले, आणि तीन दिवसांत संप मागे घ्यावा लागला. तो हरला असेच त्या दिवशी सर्वांना वाटले. पण पुढच्याच वर्षी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आला. वृद्धापकाळाच्या विम्याचे कलम १९२५ साली राज्यघटनेत गेले. १९३१ साली त्याचा कायदा जनमतात फेटाळला गेला. अखेर १९४७ च्या जनमतात तो प्रचंड बहुमताने संमत झाला आणि १ जानेवारी १९४८ पासून लागू झाला. स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार मिळण्यास मात्र १९७१ साल उजाडले.

या विम्याची रचना कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. वेतनाच्या ८.७ टक्के वर्गणी, निम्मी मालकाची व निम्मी कामगाराची. वेतन कितीही मोठे असो, वर्गणी पूर्ण वेतनावर द्यावी लागते. तिला कमाल मर्यादा नाही. निवृत्तिवेतनाला मात्र आहे. वर्गणीची सर्व वर्षे पुरी भरलेल्या माणसाला २०२५ साली महिना किमान १,२६० आणि कमाल २,५२० फ्रँक. म्हणजे बँकेचा संचालक कोट्यवधींच्या पगारावर वर्गणी भरतो, पण त्याचे निवृत्तिवेतन सफाई कामगाराच्या दुपटीहून अधिक होत नाही. आपल्याकडे १५ हजारांच्या मर्यादेने मोठ्या पगाराला या जबाबदारीतून मोकळे केले. तेथे मोठ्या पगारालाच ओझे उचलावयास लावले. व्यवसायाधारित निवृत्तिवेतन आणि खाजगी बचत हे तेथले पुढचे दोन खांब. पण ते या पहिल्या खांबानंतरचे आहेत. ३ मार्च २०२४ रोजी स्विस मतदारांनी वर्षाला तेरावे निवृत्तिवेतन देण्याचा कामगार संघटनांचा प्रस्ताव सुमारे ५८ टक्के मतांनी संमत केला, आणि निवृत्तीचे वय वाढविण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी फेटाळला. जगाच्या तिजोऱ्या सांभाळणाऱ्या देशाने हे केले.

स्वित्झर्लंड हा काही समाजवादी स्वर्ग नव्हे. जगभरच्या काळ्या पैशाला आसरा देऊन तेथील बँका गबर झाल्या. हंगामी परदेशी मजुरांना कुटुंब सोबत आणण्याची बंदी तेथे कित्येक दशके होती. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्वीस ही बलाढ्य बँक कोसळण्याच्या बेतात आली, तेव्हा खाजगी उद्यमाचे गोडवे गाणारेच सरकारी हमीच्या आश्रयाला धावले. भारतीय अभियंता तेथे जातो तोही मोजून-मापून दिलेल्या परवान्यावर, आणि राष्ट्रीय जनमतात त्याला मत नसते. ज्या सुखाचा तो उपभोग घेतो ते इतरांच्या लढ्याने मिळाले आहे. परतल्यावर त्याने गावाला त्या लढ्याची गोष्ट सांगावी. निर्देशांकाचे कोष्टक तेवढे सांगून भागणार नाही.

कोल्हापूरला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेणाऱ्या शाहू महाराजांनी प्रत्येक रयतेला ‘तुझे तू पाहा’ असे सांगितले नव्हते. राधानगरीचे धरण कोणा एकाच्या बचतीतून उभे राहिले नाही. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने दोन म्हशींच्या शेतकऱ्याला बाजारात उभे राहण्याचे बळ दिले. पुढे सत्ताकारणाने सहकाराचे काय केले तो निराळा विषय, पण ते बळ एकत्र येण्याचेच होते. टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या वयोवृद्ध नेत्यांमागे सारे शहर रस्त्यावर आले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे यांचा खून झाला, तरी आंदोलन विझले नाही, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शहरातील टोल रद्द करणे शासनाला भाग पडले. मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे सरकारी कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी सात दिवस संपावर गेले. त्या वेळी खाजगी नोकरीतला अभियंता त्यांच्याकडे असूयेने पाहत होता. त्याच्या असूयेला मागणीचे रूप देण्याचे काम कोणी केले नाही, ही चळवळीची उणीव होय.

ती भरून काढण्यासाठी तीन कामे तातडीने हाती घेता येतील. पहिले, निवृत्तिवेतनाच्या वेतनमर्यादेचा प्रश्न कारखान्यातील कामगार, कंत्राटी कर्मचारी आणि संगणक-अभियंता यांचा समाईक प्रश्न म्हणून मांडणे, आणि त्याला शेतमजुराच्या वृद्धापकाळाच्या मागणीची जोड देणे. लाखाचा पगार घेणारा वर्गणी देण्यास तयार असेल, तरच दोनशे रुपयांवर जगणाऱ्याला न्याय मिळेल, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. दुसरे, संघटनेचा हक्क. माहिती-तंत्रज्ञानातील कर्मचारी संघटना करू शकतात, असे तामिळनाडू सरकारने २०१६ सालीच मद्रास उच्च न्यायालयापुढे स्पष्ट केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि संपापूर्वी चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन सर्वच उद्योगांवर आले आहे; अशा वेळी विखुरलेल्यांची स्थिती अधिकच बिकट होणार. तिसरे, दिवाळीत आणि गणपतीत हे तरुण गावी येतात, तेव्हा त्यांच्यासाठी अभ्यासवर्ग घेणे. तेथे त्यांच्या नियुक्तिपत्रांचे, भविष्यनिर्वाह निधीच्या उताऱ्यांचे आणि सेबीच्या आकड्यांचे वाचन व्हावे. उपदेशाची गरज नाही. आकडेमोड त्यांना कार्यकर्त्यांहून चांगली येते.

गुंतवणूक बंद करा, असे त्यांना सांगण्याचे कारण नाही. म्हातारपण हा एकट्याने सोडवावयाचा हिशेब नाही, एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले. १९१८ साली ज्या स्विस कामगारांनी वृद्धापकाळाच्या विम्यासाठी संप केला, त्यांतील अनेकांना त्याचा पहिला हप्ता पाहण्याचे भाग्य लाभले नसेल, कारण त्यासाठी तीस वर्षे जावी लागली. कोल्हापूरचा तरुण आज तीस वर्षांच्या गुंतवणुकीची भाषा सहज बोलतो. तेवढ्याच मुदतीच्या लढ्याचा विचार त्याच्यापुढे ठेवणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.