पाहुणे पक्षी आणि आमचं पाणी

बरेच दिवसांत इकडे फिरकले नाही. निमित्त मात्र घरातलंच आहे.

लेक आठ वर्षांची. शाळेत पक्षी सप्ताह झाला (5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस, म्हणून हा आठवडा) आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, "आपण पक्षी बघायला कधी जायचं?"

झालं! घरात तीन पक्ष पडले. अहोंचं म्हणणं, जायचं तर थेट पैठणला. नाथसागर 1986 पासून अभयारण्य आहे, रोहित पक्षी दिसतील. नांदेडहून भावाचा फोन, "ताई, विष्णुपुरीला ये, मुक्कामाला घर आहे." आणि माझं मत, आपलं धनेगाव बरं. लातूरहून सकाळी निघून जेवायला परत.

माझ्या मताला कारण आहे. मागच्या वर्षी आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो होतो. पहाटे चारला उठवलेली पोर गाडीत दोनदा ओकली. पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आणि पक्षी पार पलीकडच्या काठाला. "आई, ते ठिपके म्हणजे पक्षी का?" यावर काय बोलणार? परतताना ती झोपली आणि आम्ही दोघं एकमेकांवर चिडत होतो.

म्हणून यंदा माझे नियम साधे आहेत. सूर्य वर यायच्या आत काठावर. दुर्बीण एकच, पण गळ्यात लेकीच्या. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भडक कपडे नकोत. आणि यादी नको! एक वारकरी दिसला तरी पुरे. काळा पक्षी, कपाळावर पांढरं गंध, उडायच्या आधी पाण्यावरून धावत सुटतो. कवड्या धीवर दिसला, हवेत एका जागी फडफडत थांबून पाण्यात सूर मारताना, तर सोन्याहून पिवळं.

हे सगळं तिला सांगत होते. पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात मराठवाड्यातल्या जलाशयांवर येतात, हेही सांगितलं. तिने विचारलं, "आणि इथे पाणीच नसलं तर?"

"मग उडून दुसरीकडे जातात."

"आणि आपण?"

मी गप्प झाले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. तेव्हा ही जन्मलीही नव्हती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि आम्ही घागरी मांडून बसलो होतो. आपल्याला पंख नाहीत ना.

म्हणून धनेगावच. तिच्या घरचा नळ ज्या पाण्यावर चालतो, ते पाणी तिने आधी बघावं. तिथे पाहुणे येतात हे कळलं, की नळ बंद करायला मला ओरडावं लागणार नाही, अशी आपली माझी भाबडी आशा. शिवाय जवळचं ठिकाण म्हणजे पुन्हा जाता येतं. मेमध्येही नेणार आहे, पाणी आटल्यावर. भरलेलं आणि रिकामं, दोन्ही बघितल्याशिवाय धरण कळत नाही.

नाथसागर कुठे पळून जात नाही. विष्णुपुरी तर मामाचं गावच, सुट्टीत होईल.

रविवारी निघतोय. अहो अजून थोडे नाराज आहेत, पण दशम्या दिसल्या की ठीक होतील :)