'पाणी मिळतं' म्हणजे कुठल्या महिन्यात?

शुक्रवारी रात्री घाटकोपर स्थानकात कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलसाठी थांबलेली मंडळी लांबूनच ओळखू येतात. पाठीवर फुगलेली सॅक, बाहेरून बांधलेली मॅट, मागच्या ट्रेकचा चिखल अजून न सुटलेले बूट. अंधेरीची पोरं मेट्रोनं आलेली असतात, बोरिवलीची दादरला पूल ओलांडून डब्यात शिरलेली असतात, मुलुंडची पुढे चढतात. गाडी ठाणं सोडते आणि कुणीतरी मोबाइल काढून महिनाभरापूर्वी आलेला मेसेज वाचून दाखवतो : "मस्त ट्रेक आहे. सोपा. चार तासांत होतो. वाटेत पाणी मिळतं."

यात खोटं एकही वाक्य नसतं. लिहिणारा सप्टेंबरात गेला होता, तेव्हा प्रत्येक ओढा वाहत होता. चार तासही खरेच, कारण त्याच्या पाठीवर बाटली आणि चिवड्याचा पुडा यापलीकडे ओझं नव्हतं. डब्यातली मंडळी मात्र मार्चमध्ये, तीन दिवसांचा शिधा घेऊन निघाली आहेत. खरा मेसेज त्यांच्यापुरता खोटा ठरणार आहे आणि तो कसा, ते त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळणार आहे.

कुठला वडापाव चांगला हे सांगावं तितक्या सहज उपनगरांत ट्रेकचे सल्ले दिले जातात. वडापावाचा सल्ला चुकला तर फार तर एक दुपार वाया जाते. डोंगराचा सल्ला तसा नसतो. म्हणून सल्ला देणाऱ्यानं तीन गोष्टी आपण होऊन सांगितल्याच पाहिजेत : आपण कधी गेलो होतो, कुठल्या बाजूनं गेलो होतो आणि सोबत कोण होतं. या तीन गोष्टी नसलेला सल्ला म्हणजे ऐकीव गप्पा.

'हरिश्चंद्रगड सोपा आहे का?' हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. तो मुळातच अर्धवट आहे. पाचनईहून जाणारी वाट सरावलेल्या माणसाला दोन-अडीच तासांत गडावर नेते. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे निघालं तर दिवसाचा मोठा हिस्सा जातो आणि वरच्या पठारावर धुकं असलं की भल्याभल्यांची दिशा चुकते. बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं चढायचं तर मोठमोठ्या दगडधोंड्यांतून हजारेक मीटर उंची गाठावी लागते. गड तोच. 'हो, सोपा आहे' असं उत्तर देणाऱ्यानं कुठल्या वाटेबद्दल उत्तर दिलं, ते विचारणाऱ्याला कळतच नाही. निम्म्या वेळा उत्तर देणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

ऑगस्ट २०२३मध्ये याच गडावर पुण्याहून गेलेले सहाजण धुक्यात आणि पावसात वाट चुकले. उघड्यावर भिजत काढलेल्या वेळेनंतर त्यांच्यातल्या एकाचा मृत्यू झाला. थंडीनं. सह्याद्रीत थंडीनं माणूस मरतो, हे मुंबईकराच्या पचनी पडत नाही. त्याला ती हिमालयातली गोष्ट वाटते. पण त्यासाठी बर्फ लागत नाही. ओले कपडे, अंगावर येणारा वारा आणि रिकामं पोट एवढं पुरतं. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरू लागलं की आधी हुडहुडी भरते, मग बोलणं अडखळतं, मग विचार करणंच जमेनासं होतं. वाट शोधायला डोकं सगळ्यांत जास्त लागतं, नेमकं तेव्हाच ते साथ सोडतं. तरी पावसाळी ट्रेकच्या बहुतेक मेसेजांमध्ये 'भिजायची तयारी ठेवा, धमाल येईल' असतं. 'प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे ठेवा आणि ते वर पोचेपर्यंत काढू नका' हे क्वचितच.

एका दिवसाच्या ट्रेकमध्ये चूक खपून जाते. माणूस उशिरा उतरतो, लोकल चुकते, घरी बोलणी बसतात. सलग तीन-चार दिवसांच्या चालीत पहिल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी व्याज मागते. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड ही जुनीजाणती रेंज घ्या. पहिल्या मुक्कामाला दोन तास उशीर झाला की अंधारात स्वयंपाक, अपुरी झोप, सकाळी निघायला उशीर आणि मग भर उन्हात खिंडीची चढण.

वेळेचा हिशेब करायला फार विद्वत्ता लागत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली घालून दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे : साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. बारा किलोमीटर चाल आणि नऊशे मीटर चढ असेल तर चार तास होतात. पण नेस्मिथच्या हिशेबात पाठीवरची बारा किलोची सॅक नाही, घसारा नाही, काट्याची जाळी नाही आणि दर वीस मिनिटांनी सेल्फीसाठी थांबणारे आठजण तर नाहीतच. सहा तास धरा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी दहाला निघून चालत नाही.

नकाशा हाताशी असला तरी सगळं कळत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांस एक प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचं अंतर असतं. म्हणजे पंधरा मीटरचा उभा कातळटप्पा त्या दोन रेषांमध्ये निवांत लपू शकतो. दोर नसलेल्या माणसाची वाट तिथंच संपते. मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या रेघेचंही तेच. ती कुणीतरी चालला एवढंच सांगते. तो दोर लावून उतरला की कारवी मोडत घुसला, हे त्या रेघेत नसतं.

वाटेची माहिती नीट काढून सांगण्याची परंपरा याच उपनगरांत आहे. मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'ची 'सह्यांकन' ही डोंगरातली अनेक दिवसांची पदभ्रमण मोहीम. तुकड्यामागून तुकडी डोंगरात सोडायची तर 'पाणी मिळतं' एवढ्यावर भागत नाही. रेकी करावी लागते : त्याच मोसमात आधी चालून बघायचं, टाक्यात वाकून पाणी किती आणि कसं ते पाहायचं, मुक्कामाच्या गावात बोलून ठेवायचं. 'गिरिविहार'सारखी संस्था मुंबईत १९५४पासून डोंगराचं शिक्षण देते आहे. तेव्हा माणसं नाहीत, ज्ञान नाही, ही सबब चालणार नाही.

सरकारनं २०२१मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. चांगलंच आहे. पण नोंदणी आयोजकाची होते, मेसेजची होत नाही. शिवाय दहाजणांचा मित्रांचा गट कुणाचा ग्राहक नसतो. त्यांचा आयोजक म्हणजे 'मी गेलोय रे तिकडे' म्हणणारा मित्र.

इतकं सगळं सांगत बसलं तर लोक डोंगरात जायचेच नाहीत, असा एक आक्षेप असतो. तो खरा नाही. 'फेब्रुवारीनंतर मी गेलेलो नाही, तेव्हाच्या पाण्याचं मला माहीत नाही, कुमशेतमध्ये कुणाला तरी विचार' असं सांगितल्यानं कुणाचा ट्रेक रद्द होत नाही. फक्त दोन लीटर पाणी जास्त घेतलं जातं. आणि 'माहीत नाही' हे शब्द तर हवेतच. गावातल्या मामांना 'अजून किती लांब?' विचारलं तर ते 'हे काय, पोचलाच' म्हणतात, ते दमलेल्या पोरांना धीर देण्यासाठी. शहरातल्या सल्लागाराला तशी सवलत नाही.

मे २०२२मध्ये दिल्लीचा एक तरुण लोणावळ्याच्या नागफणी परिसरात एकटाच गेला. वाट चुकल्याचं त्यानं फोनवर कळवलं, मग संपर्क तुटला. शोध सुरू झाल्यावर 'शिवदुर्ग मित्र'सह अनेक पथकं जंगल पिंजत होती. चार दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. शोधपथकाला सगळ्यांत आधी हवी असते ती माहिती : कुठून शिरला, कुठं उतरणार होता, किती वाजेपर्यंत. ही माहिती मागे घरी कुणाकडे तरी लिहून ठेवा, हे सांगणंही सल्ल्याचाच भाग आहे.

पहाटे कसाऱ्याला गाडीतून उतरलं की बाहेर जीपवाले उभे असतात. भाडं ठरतं, सॅका टपावर चढतात. चालक दोर आवळत विचारतो, "रतनवाडीला सोडतो. उतरणार कुठल्या गावात? घ्यायला किती वाजता येऊ?" डब्यात मेसेज वाचून दाखवणारा पुन्हा मोबाइल काढतो आणि त्या चार वाक्यांत उत्तर शोधू लागतो.