थुंकीत जंतू नाही, तरी निदान?

क्षयरोगाच्या सगळ्याच रुग्णांच्या थुंकीत जंतू सापडतो असे नाही. मग ताप, घटलेले वजन, छातीचा एक्स-रे यांचा मेळ घालून, दुसरी कारणे वगळत निदान करावे लागते. नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘पण डॉक्टर, रिपोर्ट तर निगेटिव्ह आहे ना?’’ कृष्णद्रव्याबाबत खगोलशास्त्रज्ञांची अडचण अगदी अशीच आहे.

जेम्स वेब दुर्बिणीने २०२५ मध्ये ‘बुलेट क्लस्टर’मधील वस्तुमानाचा अधिक बारीक नकाशा दिला. सुमारे पावणेचार अब्ज प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेले आहेत. अशा समूहांत ताऱ्यांपेक्षा तप्त वायूचे वस्तुमान कितीतरी जास्त असते. टकरीत हा वायू मध्येच रेंगाळला. ‘चंद्रा’ दुर्बिणीला तो क्ष-किरणांत दिसला (ही दुर्बीण आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची).

दुसरी तपासणी गुरुत्वीय भिंगाची. वाटेतल्या वस्तुमानामुळे मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो, त्यांच्या प्रतिमा ताणल्या जातात. त्यावरून वस्तुमान मोजता येते. ते चमकते की नाही याच्याशी देणेघेणे नसते. २००६ मध्ये दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, तेव्हा बहुतांश वस्तुमान मधल्या वायूत नव्हे, तर दोन्ही बाजूंना दीर्घिकांपाशी निघाले.

पर्यायी निदान मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्येच मांडले होते. न दिसणारे द्रव्य नाहीच, अतिमंद त्वरणाला गुरुत्वाचा नियमच बदलतो, असे ते म्हणतात. एकेकट्या दीर्घिकेच्या फिरण्याचे कोडे हा नियम झकास सोडवतो. त्याला हसण्यावारी नेऊ नये. बुलेट क्लस्टरमध्ये मात्र त्यालाही न दिसणारे काहीतरी लागतेच. ती तूट न्यूट्रिनो भरून काढतील, असे काहींनी सुचवले. त्यासाठी न्यूट्रिनोचे वस्तुमान दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास हवे. जर्मनीतील ‘कॅट्रिन’ प्रयोगाने २०२५ मध्ये कमाल मर्यादा ०.४५ वर आणली. निदान साध्या न्यूट्रिनोंपुरता तो मार्ग बंद झाला.

पर्याय मांडणारा माणूस विक्षिप्तच असतो, असे आपण महाराष्ट्रात तरी म्हणू नये. त्याच वर्षी मे महिन्यात गेलेल्या जयंत नारळीकरांनी महास्फोट सिद्धान्ताला पर्याय देण्यात आयुष्य घातले. बहुसंख्यांना तो पटला नाही. पण आकडे निरीक्षणांशी ताडून पाहायला ते कधी कचरले नाहीत. ‘आइन्स्टाइन चुकला’ एवढेच सांगणारे फॉरवर्ड वेगळे.

माझा कौल आज कृष्णद्रव्याकडे आहे. पण अमेरिकेत साउथ डकोटात जमिनीखाली दीड किलोमीटरवर दहा टन द्रवरूप झेनॉन त्याच्या कणाची वाट पाहत आहे, आणि तिथला रिपोर्ट अजून निगेटिव्हच आहे.