पडदा भिंतीवर, पोरे सतरंजीवर



जिल्ह्याच्या मेळाव्यासाठी काढलेल्या अंकात भाव, कर्ज, वीज, पाणी सोडून शाळेचे पुराण कशाला, असे काही जण विचारतील. उत्तर साधे आहे. यात पैसा आपला जातो आहे आणि पोरेही आपलीच आहेत. गावोगाव 'डिजिटल शाळे'साठी लोकवर्गणी निघते. कोणी सोयाबीनची पट्टी हाती आली त्या दिवशी पाचशे देतो, कोणी पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या पोराकडून हजार मागवून घेतो. ज्याला आपल्या मालाचा भाव मिळत नाही तो शाळेला मात्र नाही म्हणत नाही. म्हणून त्या पैशाचे पुढे काय होते ते बघायला पाहिजे.

आमच्याच भागातल्या एका गावाची हकीगत सांगतो. गावाने वर्गणी केली, वर्गात मोठा पडदा बसवला. नारळ फुटला, फीत कापली, भाषणे झाली. सहा महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा पडद्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन होते. वीजबिल थकले म्हणून जोडणी तोडलेली. पुन्हा जोडणी आली त्यानंतर परत गेलो. गुरुजींनी पडदा लावून दाखवला. रंगीत चित्रे हलत होती, कविता चालीवर वाजत होती, आणि तीस पोरे सतरंजीवर हाताची घडी घालून बघत होती. आम्ही विचारले, "यातले पोरे स्वतः काही करतात का?" गुरुजी म्हणाले, "हात लावला आणि बिघडला तर दुरुस्तीला पैसे कोण देणार? म्हणून हात लावू देत नाही."

गुरुजींचा यात दोष नाही. त्यांना विचारून तो पडदा घेतलाच नव्हता. पण ज्याला हात लावायचा नाही, त्याला शिकण्याचे साधन कसे म्हणायचे? घरी आहे तोच टीव्ही शाळेत आणला, एवढाच त्याचा अर्थ.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. यंत्राला शिव्या घालणाऱ्यांतले आम्ही नाही. नवे बियाणे, नवे अवजार शेतकऱ्याच्या हाती आले पाहिजे यासाठी भांडणारे आम्ही, पोरांना नव्या साधनापासून लांब ठेवा असे कसे सांगू? आमचे म्हणणे वेगळे आहे. कृषी प्रदर्शनात लांबून पाहिलेले अवजार आणि आपल्या रानात आपल्या हाताने चालवलेले अवजार यांत जो फरक, तोच फरक पडद्यावर बघण्यात आणि पडद्यावर करण्यात आहे.

करण्याची साधने आहेत, आणि ती फुकट आहेत. कार्ल वायमन या अमेरिकन शास्त्रज्ञाला २००१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. त्यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञान आणि गणिताचे खेळासारखे प्रयोग आहेत, आणि कितीतरी प्रयोग मराठीत झालेले आहेत. त्यातला एक विजेचा आहे. पोराने पडद्यावर बॅटरी घ्यायची, तारा घ्यायच्या, दिवा घ्यायचा आणि आपल्या हाताने जोडायचे. चुकीचे जोडले तर दिवा लागत नाही. बॅटरीची दोन टोके नुसत्या तारेने जोडली तर पडद्यावर आग दिसते. एकामागे एक दोन दिवे जोडले तर दोन्ही मंद होतात, स्वतंत्र फाट्याने जोडले तर होत नाहीत.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. त्याच प्रयोगात तारेचा रोध वाढवता येतो आणि दाब मोजायला मीटरही असतो. रोध वाढवला की पलीकडच्या टोकाला दाब पडतो आणि दिवा मिणमिणतो. डीपीपासून लांब, लाइनच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर आहे, त्याची मोटार का जळते हे इथे पोराला डोळ्यांनी दिसते. लांब आणि बारीक तारेत दाब खर्ची पडतो. तेवढेच पाणी उचलायला मोटार जास्त अँपिअर ओढते, तापते, आणि वाइंडिंग जाते. बापाने दर हंगामाला रिवाइंडिंगचे पैसे भरले आणि नशिबाला बोल लावला. पोरगी म्हणेल, नशीब नव्हे बाबा, व्होल्टेज. अशी पोरगी उद्या वीज कंपनीच्या दारात अर्ज घेऊन जाईल तेव्हा साहेबाला तिला टोलवणे जड जाईल.

गणिताचेही तसेच. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली 'जिओजेब्रा' हे साधन तयार करायला घेतले. त्यात त्रिकोण काढून त्याचे टोक बोटाने ओढता येते. पाया तोच ठेवून टोक पायाला समांतर सरकवले तर त्रिकोण कितीही तिरपा होवो, क्षेत्रफळ तेवढेच राहते. बांध लांब दिसतो म्हणून रान जास्त भरते, असे नाही. वाटणीच्या वेळी तिरप्या तुकड्यावरून भावाभावांत डोकी फुटलेली आपण पाहिली आहेत. एकराचे गुंठे चाळीस हे पोराला पाठ असते. तिरपा तुकडा किती गुंठे भरतो हे काढता आले तर त्या पाठांतराला अर्थ.

काही जाणती माणसे म्हणतील, खरी तार आणि खरा दिवा असताना पडद्यावरचा खेळ कशाला? बरोबर आहे, टॉर्चचा सेल, तार आणि दिवा हातात आधी द्यावा. पण तारेतून काय वाहते ते तारेत दिसत नाही, पडद्यावर दाखवता येते. कोलोरॅडोच्या संशोधकांनी २००५ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर जोडण्या करून शिकलेल्या कॉलेजच्या मुलांना नंतर खऱ्या तारा दिल्या, तेव्हा ती खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा मागे पडली नाहीत, उलट सरस ठरली. पण ध्यानात घ्या, त्या मुलांनी नुसते पाहिले नव्हते. स्वतः जोडले होते.

दुसरा आक्षेप मायबहिणींचा, आणि तो खरा आहे. आधीच पोरे मोबाइल सोडत नाहीत, त्यात शाळेतही पडदा? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, पोरे अभ्यासाला. हे चांगलेच केले. आमचे म्हणणे त्याच्या आड येत नाही. बघत बसण्याची वेळ कमी करा आणि करून पाहण्याची वेळ शाळेत द्या. आठवड्यातून दोन तास, चार पोरांत एक टॅब्लेट किंवा जुना लॅपटॉप, आणि प्रत्येकाची पाळी. तीस पोरांपुढे एका मोठ्या पडद्यापेक्षा आठ लहान पडदे बरे.

आता नेटचे काय? २०२० साली कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा आपली पोरे रेंजसाठी टेकडीवर चढली, हे आपण विसरलेलो नाही. पण या साधनांना रोज नेट लागतच नाही. फेटचा प्रयोग एकदा तालुक्याला उतरवून आणला की नेटशिवाय चालतो. 'कोलिब्री' नावाची एक फुकट व्यवस्था आहे. एका लहान संगणकावर धडे आणि प्रयोग साठवून ती वर्गातल्या वायफायवर सगळ्यांना देते, बाहेरची रेंज लागत नाही. सरकारचे 'दीक्षा' २०१७ पासून आहे, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून धडा उघडतो. उपयोगी आहे, पण त्यातही बघण्याचे फार. आणि पेटीबंद माल घेताना आणखी एक गोष्ट आठवा. जुन्या सीड्यांतले कितीतरी धडे 'फ्लॅश' या तंत्रावर होते. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद केले आणि ते धडे संगणकावर उघडेनासे झाले. विकणारा पैसे घेऊन केव्हाच गेला होता.

सगळ्यांत मोठे साधन मात्र गुरुजीच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. लोकांना त्यांचे क्यूआर कोड आठवतात. पण घरी कानडी बोलणाऱ्या पोरांसाठी ते आधी कानडी शिकले, हे कमी जणांना ठाऊक आहे. आधी पोराची भाषा, मग यंत्र. आमच्या गुरुजींना ऑनलाइन माहित्या भरण्यातून सवड मिळेल तेव्हा ते हे करतील. ती सवड मागणे हेही आपलेच काम आहे.

हे मागायला मोर्चा काढावा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. पण बैठकीच्या वहीवर घरी सही घेतली जाते आणि आपण चहा पाजून ती देतो! आपणच अधिकार असा वाटून टाकला तर कंत्राटदाराला दोष कशाला द्यायचा?

म्हणून मेळाव्यावरून परत गेल्यावर आपल्या शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा आणि जा. नवा पडदा, नवी पेटी घेण्याचा विषय निघाला तर पाच प्रश्न विचारा. पोरांचा हात त्याला लागणार का? नेट नसताना चालते का? मराठीत आहे का? वीजबिल आणि दुरुस्ती कोणत्या पैशातून? आणि गुरुजींनी ते आधी स्वतः वापरून पाहिले का? पाचांची उत्तरे मिळाली तर वर्गणी द्या, खुशाल द्या, आम्हीही देऊ. उत्तरे मिळाली नाहीत तर पैसा राखून ठेवा, आणि त्यातले शंभर रुपये काढून सेल, तार आणि दिवे आणा. तेवढ्यावर उद्यापासून सुरुवात होते.