तगून राहायचं, पण कशाच्या शोधात?

सर्व्हायव्हल गेमच्या चाहत्यांमध्ये एक मत फार घट्ट रुजलं आहे: या प्रकाराला कथानक लागत नाही. लाकूड तोडावं, शेकोटी पेटवावी, रात्र काढावी. त्यात जे घडेल तीच खेळाडूची गोष्ट. लेखकाने मध्ये पडून पात्रं आणि मोहिमा आणल्या की स्वातंत्र्य संपलं, असं ही मंडळी ठामपणे सांगतात.

या पूर्वपक्षात दम आहे, हे आधी मान्य करायला हवं. २०१२ साली डीन हॉलने 'आर्मा २' या लष्करी खेळावर 'डे-झी' हा मॉड रचला. चेर्नारस नावाच्या त्या उजाड मुलखात समोरून येणारा अनोळखी माणूस हातातला डबा पुढे करेल की गोळी घालेल, याचा कुणालाच अंदाज नसे. अशा भेटीतून बाहेर पडलेल्यांनी सांगितलेले किस्से आजही रंगतात आणि ते कुणी लिहून ठेवलेले नव्हते.

मात्र तो ताण समोरच्या जिवंत माणसामुळे होता. खेळाडू एकटा असतो तेव्हा हिशेब बदलतो. पहिल्या चार रात्री जिवाच्या आकांताने काढल्या जातात. चाळिसाव्या रात्री कोठार भरलेलं असतं, दार पक्कं असतं आणि हातांना काम उरलं तरी मनाला उरत नाही. भीती सवयीने बोथट होते, भूक व्यवस्थेने मिटते. ज्या खेळाकडे भुकेशिवाय दुसरं काही नाही, तो खेळाडू तरबेज झाला त्याच दिवशी संपतो. तगून राहण्याच्या गोष्टींचा मूळपुरुष म्हणजे डॅनियल डिफोचा १७१९ सालचा रॉबिन्सन क्रूसो. तो बकऱ्या पाळतो, धान्य पिकवतो, दिवस मोजतो. एवढंच असतं तर ते पुस्तक एका कष्टाळू माणसाची जमाखर्चाची वही झालं असतं. बऱ्याच वर्षांनी त्याला वाळूत एकाच अनवाणी पावलाचा ठसा दिसतो आणि ओळखीचं झालेलं सारं बेट क्षणात परकं होतं.

दुसरा युक्तिवाद आकाराचा. जग पुरेसं मोठं केलं की शोध आपोआप घडेल, असं म्हणतात. इंग्लंडमधल्या 'हॅलो गेम्स'ने ऑगस्ट २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आणला तेव्हा त्यात १८ क्विंटिलियनहून जास्त, म्हणजे अठरावर अठरा शून्यं मांडावी लागतील इतके ग्रह होते. गणिती सूत्रांतून ग्रह घडवण्याचं ते तंत्र थक्क करणारं होतं. तरी दहाव्या ग्रहानंतर अकराव्याबद्दल फारशी उत्सुकता उरत नाही, ही सुरुवातीच्या खेळाडूंची तक्रार रास्त होती. प्रत्येक टेकडीमागे टेकडीच निघणार हे कळलं की माणूस चढणं थांबवतो. पुढची कित्येक वर्षं हा चमू त्या खेळात जीव ओतत राहिला. कथेची मोहीम, उजाड अवशेष, एकमेकांना भेटणारे प्रवासी अशी भर त्याने घातली. त्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

कथाविरोधकांचा तिसरा मुद्दा सर्वांत बोचरा आहे: कथा आली की खेळाडू दुसऱ्याच्या कामाला जुंपला जातो. त्याचं उत्तर कॅनडातल्या 'हिंटरलँड' या स्टुडिओच्या कामात सापडतं. त्यांचा 'द लाँग डार्क' २०१४ पासून निव्वळ तगण्याचा खेळ म्हणून लोकांच्या हाती होता: थंडी, लांडगे आणि एकदा मेलं की सगळं पुसलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यात 'विंटरम्यूट' ही कथा आली. मिल्टन गावात ग्रे मदर नावाची अंध म्हातारी भेटते. तिच्यासाठी सरपण आणा, अन्न आणा. बाहेरच्या बर्फात प्रत्येक पाऊल स्वतःच्या जिवासाठी टाकणारा खेळाडू इथे सांगकाम्या झाला. डिसेंबर २०१८ मध्ये स्टुडिओने पहिले दोन भाग नव्याने बांधून काढले. आधीच्या कामावर समाधान न मानण्याचा तो प्रामाणिकपणा होता. विरोधकांचा राग खरा आहे, फक्त तो चुकीच्या ठिकाणी निघतो. चूक कथेत नव्हती. भूक एका वाटेने जात होती आणि गोष्ट दुसऱ्या, ही चूक होती.

गोष्ट भुकेच्याच वाटेवर ठेवावी, हा इथला उत्तरपक्ष. पाणी शोधायला जिथे जावंच लागतं तिथे ती सापडावी आणि तिची किंमत त्याच झोळीतून चुकती व्हावी: श्वास, ऊब, वेळ. स्वतः 'हिंटरलँड'ने डिसेंबर २०२२ पासून आलेल्या विस्तारात मुक्त तगण्याच्या प्रकारातच अशा कथा पेरल्या. हातात शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन सिग्नलच्या मागे जायचं, आणि थंडी काही केल्या सवलत देत नाही.

'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'ने वेळेची किंमत लावली. १९९३ च्या जुलैमधलं केंटकी. पहिले काही दिवस टीव्ही-रेडिओवर साथीच्या बातम्या येतात, शिवाय सुतारकाम आणि स्वयंपाक शिकवणारे कार्यक्रमही. त्याच दिवसांत डबे आणि हत्यारं गोळा करायची असतात. बाहेर पडलेल्याची बातमी हुकते. घरात बसलेल्याचं कपाट रिकामं राहतं. जगाचं काय झालं हे जाणून घेणं हीसुद्धा तिथे शिधासामग्रीच ठरते.

वॉर्सामधल्या '११ बिट स्टुडिओज'चा 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) आणखी खोल जातो. सारायेव्होच्या वेढ्यातून सुचलेल्या या खेळात सैनिक नव्हे, पडक्या घरात अडकलेले नागरिक जगवायचे असतात. रात्री अन्न शोधताना एका वृद्ध जोडप्याचं घर लागतं. त्यांची औषधं उचलता येतात, कुणी अडवत नाही. परतल्यावर उचलणारा खचतो. कथानक म्हणावं असं फार थोडं घडतं, तरी ते घर विसरता येत नाही. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा खेळ शाळांच्या शिफारस यादीत घेण्याचं जाहीर केलं, ते उगाच नाही.

या वाटेवरचं सर्वांत भरघोस उदाहरण मात्र 'सबनॉटिका'. २०१४ च्या डिसेंबरपासून घडत घडत तो जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण झाला. परक्या ग्रहाचा समुद्र, कोसळलेलं 'ऑरोरा' जहाज, एक तरंगती कुपी आणि सुरुवातीला छातीत ४५ सेकंदांची हवा. नकाशा नाही. निर्माता चार्ली क्लीव्हलँडने बंदुकाही ठेवल्या नाहीत; सँडी हूक शाळेतल्या गोळीबाराने अस्वस्थ होऊन घेतलेला तो निर्णय होता. मारता येत नाही, म्हणून प्राण्यांची रीत ओळखावी लागते. यंत्रांचे आराखडे अवशेषांत विखुरलेले असतात. एक तुकडा स्कॅन करायला बुडावं, तर शेजारी आधी येऊन गेलेल्या कुणाचा तरी ध्वनिमुद्रित आवाज मिळतो. तो बोलत राहतो, हवेचा आकडा उतरत राहतो. 'डेगासी' या आधीच्या जहाजावरून वाचलेल्या माणसांनी पहिला तळ तरंगत्या बेटावर बांधला, पुढचे पाण्याखाली, अधिकाधिक खोल. त्यांच्या मागोमाग जायला चांगली पाणबुडी हवी आणि तिचं सामान त्याच वाटेवर.

कुपीतला मोडका रेडिओ दुरुस्त केला की संदेश येऊ लागतात. त्यातला एक 'सनबीम' या जहाजाचा: आम्ही घ्यायला येतोय. उतरण्याची जागा ठरते, पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. खेळाडू धावतपळत बेट गाठतो, किनाऱ्यावर उभा राहून आभाळाकडे पाहतो. जहाज ढगांतून बाहेर येतं आणि बेटावरची प्रचंड परकी तोफ वळून त्याचे तुकडे करते. संगीत थांबतं. कोपऱ्यातले तहान-भुकेचे आकडे मघासारखेच उतरत असतात, म्हणून मासे पकडायला पुन्हा पाण्यात शिरावंच लागतं. आता मात्र नजर माशांइतकीच त्या तोफेच्या दाराकडे वळत राहते.