चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

मैत्रिणींनो, लोणची-मुरांब्यांच्या शंकांच्या जोडीला हल्ली एक नवाच प्रश्न आपल्या पत्रांतून डोकावू लागला आहे. ‘घरातला कॉम्प्युटर सारखा सांगतो, नवी विंडोज घ्या. हे म्हणतात, चालतंय ना, मग कशाला हात लावायचा? मुलगा म्हणतो, नवा कॉम्प्युटरच आणू. आता मी काय करू?’

तुम्ही म्हणाल, हा विषय पुरुषांचा, नाहीतर मुलांचा. मला तसं वाटत नाही. त्या यंत्रात घराचे पैसे असतात आणि घराच्या आठवणीही. त्यातलं काही गेलं तर निस्तरावं आपल्यालाच लागतं. मग ठरवताना आपण बाजूला का बसायचं?

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. विंडोज म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार पाहणारी यंत्रणा. विंडोज १० ही २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची नेहमीची देखभाल थांबवली. देखभाल थांबली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला असं नव्हे. तो सुरू होतो, पत्रं लिहितो, गाणी लावतो. फरक एवढाच, की भिंतीत चोराला नवी फट सापडली, तर ती बुजवायला आता गवंडी येणार नाही.

ही भीती पोकळ नाही बरं का! मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. गंमत अशी, की त्या फटीवरची दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवून घेतली नव्हती, ते सापडले.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा : या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात का? होत असतील तर ‘चालतंय ना’ हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरं काम यंत्राची पत्रिका पाहण्याचं. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथे प्रोसेसरचं नाव दिसेल. इंटेलचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह असेल, तर त्यापुढचा आकडा वाचा. चार आकडी संख्येचा पहिला अंक म्हणजे बहुतेकदा पिढी. ६५०० म्हणजे सहावी, ८२५० म्हणजे आठवी. विंडोज ११ ला साधारणपणे आठवी किंवा पुढची पिढी लागते, शिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते. ही सोय पुष्कळदा यंत्रात असते, पण बंद ठेवलेली असते. जाणकार माणूस ती सुरू करून देतो. हे सगळं आपोआप तपासणारा ‘पीसी हेल्थ चेक’ हा कंपनीचाच कार्यक्रम फुकट मिळतो. मेमरी ४ जीबी असली तरी विंडोज ११ बसते, पण यंत्र रेंगाळतं. ८ जीबी असलेली बरी.

यंत्र पात्र असेल, तर विंडोज १० वरून ११ वर जायला पैसे पडत नाहीत. मग जावं, असंच मी सांगेन. नाही आवडली, तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून मागे फिरता येतं. पात्र नसेल, तर मात्र दुकानदार म्हणेल, ‘वहिनी, करून देतो जुगाड.’ असं यंत्र चालेलही, पण त्याला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला, तेच हाती लागत नाही.

अशा यंत्रासाठी कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून आपल्या सेटिंग्जची नोंद तिथे ठेवली तर ती फुकट, नाहीतर ३० डॉलर, असा हिशेब होता. तिसरी वाट ‘लिनक्स मिंट’ची. ही यंत्रणा फुकट मिळते, जुन्या यंत्रावर बरी चालते आणि मराठीही लिहिते. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते. पण घरात टॅलीवर हिशेब होत असतील, तर ही वाट आपली नव्हे. टॅली विंडोजवर चालतं.

वाट कोणतीही धरा, आधी सामान बांधा. आमच्या शेजारच्या वहिनींनी कॉम्प्युटर दुकानात दिला. तिथल्या मुलाने विचारपूस न करता तो फॉरमॅट केला, आणि मुलीच्या बारशापासूनचे फोटो गेले. म्हणून फोटो, कागदपत्रं, आवाजाच्या नोंदी बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि त्यातलं एखादं दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. उतरवलं आणि उघडलंच नाही, तर त्याचा भरवसा काय?

दुसरं म्हणजे मराठी फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधलं लिखाण तो फॉन्ट नसला तर अगम्य अक्षरांचा खिचडा होऊन दिसतं. तेव्हा फॉन्टही जपून ठेवा. प्रिंटरही तपासा, विंडोज ११ फक्त ६४ बिटची आहे, आणि जुन्या प्रिंटरचा चालक कार्यक्रम ३२ बिटचाच असेल तर छपाई अडते. शेवटचं, पासवर्ड. नव्या विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लागलेलं असू शकतं. त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. ती वहीत उतरवून दागिन्यांच्या पावत्यांजवळ ठेवा. किल्ली फक्त मुलाला किंवा फक्त ह्यांना ठाऊक, असं नको.

आमच्या घरचं सांगते. आमचा कॉम्प्युटर २०१७ चा, सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकलेला. त्यावर माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, सासऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचं खातं आणि माझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आजी आता नाही. त्या ओव्या पुन्हा कुणी म्हणणार नाही. नवा कॉम्प्युटर चाळीस हजारांच्या घरात जात होता, आणि २०२५ च्या दिवाळीनंतर सासऱ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली. मी कागदावर हिशेब मांडला. ओव्या दोन ठिकाणी उतरवल्या. निवृत्तिवेतनाचं खातं कॉम्प्युटरवर उघडणं बंद केलं. ते आता वेळच्या वेळी अपडेट होणाऱ्या फोनवर पाहतो. कॉम्प्युटरला वाढीव मुदत घेतली आणि पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली. हे आधी कुरकुरले, पण हिशेब पाहून गप्प बसले. मोतीबिंदूचं काम आधी झालं, याचं मला समाधान आहे.

आणखी एक. ‘तुमची विंडोज बंद पडतेय, आम्ही दुरुस्त करून देतो’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. कंपनी असे फोन आपण होऊन करत नाही. पैसे गेलेच, तर लाजत न बसता लगेच १९३० वर कळवा.

तेव्हा मैत्रिणींनो, घाई नको आणि ढिलाईही नको. या रविवारी दुपारची आवराआवर झाली, की यंत्राची पत्रिका पाहा आणि फोटो उतरवायला घ्या. मग घरात सगळ्यांनी बसून ठरवा; त्यात तुमचंही मत असू द्या.